चाकू झटकन उघडण्यासाठी जास्त पैसे मोजावेत का?

प्रश्न असा आहे: पहिलाच चांगला घडीचा चाकू घ्यायचा आहे. कामं साधीच, म्हणजे खोकी उघडणं, दोरी-सुतळी कापणं, थोडं बागकाम, मधूनच एखादं फळ. पसंतीला चार चाकू आले आहेत. एक नखाने उघडायचा जुन्या धाटणीचा, दुसरा पात्यावर अंगठ्यासाठी खुंटी असलेला, तिसरा फ्लिपरवाला, म्हणजे पात्याचं मागे डोकावणारं शेपूट बोटाने दाबून उघडायचा, आणि चौथा आतल्या स्प्रिंगने फटकन उघडणारा. मित्राचं म्हणणं असं की झटकन न उघडणारा चाकू आता कोणी घेतच नाही. मग या वेगासाठी जास्तीचे पैसे घालावेत का?

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. एका हाताने उघडण्यासाठी पैसे घाला, वेगासाठी घालू नका. दुकानात या दोन गोष्टी एकाच दमात सांगितल्या जातात, पण रोजच्या वापरात त्यांचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. आणि एका हाताने उघडण्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, एका हाताने मिटण्याकडे बघा. त्याबद्दल जाहिरातीत अवाक्षर नसतं.

चाकूंना धार लावणं आणि त्यांची दुरुस्ती हा माझा धंदा आहे, त्यामुळे उघडण्याच्या या सगळ्या करामती मी बहुतेक आतून, स्क्रू काढून पाहिल्या आहेत. वापरणारेही तऱ्हेतऱ्हेचे येतात. जे दिवसभर खरोखर काहीतरी कापतात, त्यांच्या तोंडी उघडण्याच्या वेगाची तक्रार जवळजवळ नसते. त्यांच्या तक्रारी म्हणजे धार टिकत नाही, पातं डुगडुगतं, लॉक, म्हणजे उघडलेलं पातं मिटू न देणारी अडण, सरकतं, नाहीतर क्लिप वाकली. वेगाबद्दल बोलतात ते बहुधा चाकू हातात घेऊन बसल्या बसल्या उघड-मीट करणारे. त्यात वाईट काही नाही, तोही एक छंदच आहे. फक्त त्यांच्या पसंतीवरून कामाचा चाकू निवडू नये.

एका हाताचं महत्त्व कुठे, ते आधी पाहू. चाकू लागतो तेव्हा दुसरा हात बहुतेक वेळा कशात तरी अडकलेला असतो. दोरीचं टोक ताणून धरलेलं असतं, खोकं पोटाशी दाबलेलं असतं, शिडीचा दांडा पकडलेला असतो किंवा फांदी वाकवून धरलेली असते. नखाची खाच असलेल्या चाकूला अशा वेळी हातातलं सोडावं लागतं. ओल्या, गारठलेल्या किंवा मातीने माखलेल्या बोटांनी ती खाच सापडत नाही आणि हातमोजे घातले की प्रश्नच मिटला. नखं बारीक कापणाऱ्यांना तर ती कोरड्या हातांनीसुद्धा छळते. दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन छत्रीधारी सैनिकांकडे खटका दाबला की पातं स्वतःच्या वजनाने खाली घसरून बाहेर येईल असा चाकू असे. उतरताना छत्रीच्या दोऱ्यांत अडकलेल्या माणसाचा एकच हात मोकळा असू शकतो, हे त्यामागचं कारण होतं. अमेरिकेने १९५८ साली बटण दाबून उघडणाऱ्या चाकूंच्या आंतरराज्यीय व्यापारावर बंदी घातली, त्या कायद्यातसुद्धा एकच हात असलेल्या माणसाला ३ इंचांपर्यंतच्या पात्याचा असा चाकू बाळगण्याची मुभा ठेवलेली आहे. गरज खरी कुठली, हे कायदा लिहिणाऱ्यांनाही कळलं होतं.

आता हे एका हाताने उघडण्याचे प्रकार.

पात्याला आरपार गोल भोक, हा माझ्या मते सगळ्यात शहाणा उपाय. १९८१ साली स्पायडर्को कंपनीने 'वर्कर' नावाच्या चाकूत ते आणलं. त्याच चाकूला खिशाच्या काठावर अडकवायची क्लिपही होती, आणि आजचे बहुतेक घडीचे चाकू या जोडगोळीच्या वाटेनेच गेले आहेत. भोकात मोडण्यासारखं काही नाही, कचरा अडकून बिघडण्यासारखं काही नाही, डाव्या-उजव्याचा भेद नाही आणि हातमोज्यातूनही अंगठा बसतो. भोकाला जागा हवी म्हणून पातं रुंद करावं लागतं आणि मिटलेला चाकू खिशात जरा जास्त जागा खातो, एवढाच तोटा. दिसायला कुबडा वाटतो म्हणून काहीजण नाक मुरडतात.

अंगठ्याची खुंटी, म्हणजे थंब स्टड, हा त्याचाच धाकटा भाऊ. काम चोख करते, पण धार लावणाऱ्याच्या दृष्टीने ती खुंटी म्हणजे वाटेतला दगड. काही चाकूंत ती धारेच्या इतकी जवळ बसवलेली असते की मुठीजवळची बोटभर धार सहाणेवर नीट टेकतच नाही. खुंटी आधी टेकते. मालक वर्षानुवर्षं पुढचाच भाग घासत राहतो आणि मागे बोथट पट्टा उरतो. घेताना पातं आडवं धरून एखाद्या सपाट कडेवर, धार लावताना धरतो त्या कोनात टेकवून बघा. खुंटी मध्ये येते की नाही ते लगेच कळेल.

फ्लिपर म्हणजे पात्याच्या बुडाशी ठेवलेलं एक छोटं शेपूट. चाकू मिटलेला असताना ते मुठीच्या पाठीतून बाहेर डोकावतं. तर्जनीने दाबलं की पातं गर्रकन फिरून उघडतं. सध्या बोलबाला याचाच आहे आणि त्याची गंमत मलाही कळते. पण फ्लिपर चांगला की वाईट हे त्या शेपटापेक्षा आतल्या एका छऱ्यावर जास्त ठरतं. लायनर लॉक (मुठीच्या आतली पातळ पट्टी सरकून पातं अडवते) किंवा फ्रेम लॉकच्या (तेच काम मुठीची एक बाजू करते) चाकूत लॉकच्या पट्टीवर एक बारीक, टणक गोळी ठोकलेली असते आणि पात्याच्या बुडाला तिच्यासाठी खळगा असतो. चाकू मिटला की गोळी खळग्यात बसते, म्हणून पातं खिशात आपोआप उघडत नाही. याला डिटेंट म्हणतात. शेपूट दाबताना आधी काहीच हलत नाही. बोटातला जोर साठत जातो, गोळी खळग्यातून निसटते आणि साठलेला सगळा जोर एकदम पात्याला मिळतो. खळगा उथळ असेल तर जोर साठायच्या आतच गोळी निसटते, पातं अर्ध्यात लोंबकळतं आणि पुढचं काम मनगटाच्या झटक्याने करावं लागतं. खळगा फार खोल किंवा पट्टी फार कडक असेल तर तर्जनीचं टोक दोन दिवसांत हुळहुळं होतं. मधला अचूक बिंदू साधणं हे कारखान्याचं कसब. म्हणून एकाच मॉडेलचे दोन चाकू हातात वेगळे लागू शकतात.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण "फ्लिपर बिघडलाय" म्हणून आलेल्या चाकूंपैकी बरेच धडधाकट असतात. फ्रेम लॉकमध्ये लॉकची पट्टी म्हणजे मुठीचीच एक बाजू असते. चाकू घट्ट धरला की मधलं बोट आणि अनामिका नेमकी त्या पट्टीवर दाबली जातात. पट्टी आत दबली की गोळी खळग्यात आणखी रुतते. मग शेपूट कितीही दाबा, पातं ढिम्म हलत नाही. उपाय फुकट आहे: त्या बोटांची पकड क्लिपवर न्या, पट्टी मोकळी ठेवा आणि मग दाबा.

फ्लिपरचा माझ्या मते खरा फायदा उघडल्यानंतरचा आहे. पातं पूर्ण उघडलं की तेच शेपूट धारेच्या बाजूला येऊन बोटापुढे आडवं उभं राहतं. हात पुढे घसरला तर आधी त्याला अडतो. कडक पुठ्ठा किंवा प्लास्टिक रेटून कापताना हे मोलाचं आहे. उलट, मिटलेल्या चाकूत ते शेपूट खिशात टोचतं, किल्ल्यांत अडकतं आणि त्याच खिशात हात घालणाऱ्याच्या बोटांना सतत भेटत राहतं.

स्प्रिंगची मदत घेणारे, ज्यांना असिस्टेड म्हणतात, ते १९९० च्या दशकाच्या अखेरीस फोफावले. केन ओनियन या चाकू-रचनाकाराने कर्शॉ कंपनीसाठी केलेली 'स्पीडसेफ' ही रचना त्यातली सगळ्यात गाजलेली. तिच्या मुठीत एक वाकवलेली बारीक पोलादी सळी असते, एक टोक मुठीत आणि दुसरं पात्याच्या बुडात. मिटलेल्या स्थितीत ती पात्याला आत दाबून ठेवते. तुम्ही पातं थोडं ढकललंत की तिची दिशा पालटते आणि उरलेली वाट ती स्वतः कापते. उघडायला अगदी कमी कष्ट. पण मिटताना त्याच सळीशी झगडून पातं आत घालायचं असतं. आणि ते पूर्ण आत जाईपर्यंत त्याचा ओढा बाहेरच्या दिशेने असतो. घाईत, ओल्या हाताने किंवा लक्ष दुसरीकडे असताना मिटवण्यासाठी याहून गैरसोयीचा चाकू सांगणं कठीण आहे. शिवाय सळी कधी ना कधी तुटते. तुटल्यावर काही चाकू साध्या चाकूसारखे चालतात, तर काहींत पातं मिटलेलं ठेवायला दुसरं काहीच नसतं, ते खिशात सैल होतं. त्यातून खिशातल्या खिशात उघडू नये म्हणून काहींना वेगळा सुरक्षेचा खटका दिलेला असतो. म्हणजे आधी खटका सरकवा, मग उघडा. वेगासाठी पैसे दिले आणि वर त्या वेगाला आवर घालण्यासाठीही दिले. तुमच्या यादीतला हा चौथा चाकू मी तरी आधी बाद करेन. संधिवातामुळे बोटांत जोर नसेल तर मात्र वेगळा विचार करा, कारण तिथे स्प्रिंगचं काम खरं आहे. पण मग मिटता येतो का तेही बघा.

अर्नेस्ट इमर्सन या चाकू-रचनाकाराच्या 'वेव्ह'चा उल्लेख करायला हवा. पात्याच्या पाठीवर एक आकडा. चाकू खिशातून वर ओढताना आकडा खिशाच्या काठात अडकतो आणि चाकू बाहेर येईपर्यंत पातं उघडलेलं असतं. यापेक्षा जलद उघडणारा घडीचा चाकू मी पाहिलेला नाही. आणि यापेक्षा जलद विजारीचा खिसा फाडणाराही.

आता मिटण्याकडे येऊ. बोटं कापून घेणारे लोक उघडताना क्वचितच कापतात. कापतात ते मिटताना. लायनर लॉक मिटायला अंगठा पात्याच्या वाटेत घालून पट्टी बाजूला सारावी लागते, म्हणजे मिटत येणारं पातं थेट अंगठ्याकडे येत असतं. चांगल्या रचनेत धार सुरू होण्याआधीचा बोथट भाग किंवा फ्लिपरचं शेपूट आधी अंगठ्याला टेकतं, पातं तिथे थांबतं, तुम्ही अंगठा काढून घेता आणि मग उरलेलं मिटता. वाईट रचनेत धारच आधी पोचते. मुठीच्या पाठीवरच्या लॉकचे चाकू, उदाहरणार्थ १९६४ साली आलेला 'बक ११०' आणि त्याची असंख्य भावंडं, भक्कम असतात, पण मिटायला मुळात दोन हातांसाठी केलेले. दोन्ही बाजूंनी धरून मागे ओढायच्या आडव्या दांडीचं लॉक, जे बेंचमेड कंपनीने 'ॲक्सिस' या नावाने लोकप्रिय केलं आणि आता अनेकजण वेगवेगळ्या नावांनी बनवतात, किंवा बटण लॉक, यांत एकही बोट पात्याच्या वाटेत येत नाही. एका हाताने उघडा, कापा, त्याच हाताने मिटा, खिशात टाका. ही पूर्ण फेरी सुखाची झाली की चाकू भराभर वापरला जातो. उघडण्यात वाचलेला एक सेकंद मिटताना चाचपडण्यात गेला तर पदरात काय पडलं?

ॲक्सिसच्या पोटात दोन नाजूक तारेच्या स्प्रिंगा असतात आणि त्याही मोडतात. मात्र दोन्ही सहसा एकदम मोडत नाहीत. एक गेली तरी दुसरीवर लॉक बहुधा चालतं आणि दुरुस्तीला वेळ मिळतो.

वेगाची आणखी एक किंमत आहे. जोराने उघडलेलं पातं दर वेळी थांबायच्या खिळीवर आदळतं आणि लॉकची पट्टी त्याच्या बुडावर आपटते. पातं टणक पोलादाचं आणि पट्टी टायटॅनियमची असेल तर झिजते ती पट्टी. झिजत झिजत ती पलीकडच्या टोकापर्यंत सरकते आणि पातं उभ्या दिशेने किंचित हलायला लागतं. म्हणून चांगले उत्पादक पट्टीच्या टोकाला पोलादाचा तुकडा लावतात. कामापुरता वापरला तर हे व्हायला खूप वर्षं लागतात. दिवसभर टीव्हीसमोर खटॅक-खटॅक करणाऱ्याचा चाकू फार लवकर म्हातारा होतो.

सुळकन उघडावं म्हणून आता बऱ्याच चाकूंच्या सांध्यात बेअरिंग, म्हणजे पिंजऱ्यात बसवलेल्या बारीक गोळ्या, असतात. त्यांचं सुख निर्विवाद. पण खिशातला कापसासारखा बारीक कचरा तेलात मिसळून त्या पिंजऱ्यात जाऊन बसतो आणि त्यात वाळू मिसळली की दर फिरकीला करकर ऐकू येते. मातीत, वाळूत किंवा पिठाच्या धुळीत काम असेल तर फॉस्फर ब्राँझचे साधे वॉशर घ्या. ते सुरुवातीला जड वाटतात, पण वापरात घासून गुळगुळीत होतात आणि थोडा कचरा मुकाट्याने पचवतात.

संकटात झटकन उघडणारा चाकू हवा, हा मुद्दा नेहमी येतो. दोरीत गुंतलेला हात, पाण्यात ओढणारा दोर, गाडीच्या पट्ट्यात अडकलेला माणूस. ही संकटं खरी आहेत, पण ज्यांचं काम तशा जागी आहे त्यांनी घडीच्या चाकूच्या भरवशावर राहूच नये. म्यानातला न मिटणारा आखूड चाकू कुठल्याही फ्लिपरपेक्षा जलद निघतो आणि त्याला उघडावं लागत नाही. हाणामारीसाठी चाकू घेणाऱ्याला मी सल्ला देत नाही, चाकूही देत नाही.

कायद्याचा मुद्दा मात्र टाळून चालणार नाही, कारण सरकारांचं लक्ष नेमकं याच सोयींवर असतं. अमेरिकेच्या त्या कायद्यात २००९ साली दुरुस्ती झाली. ज्या चाकूचं पातं मुळात मिटलेलं राहण्याकडे ओढलेलं असतं आणि तो ओढा मोडायला पात्यावरच हाताने जोर लावावा लागतो, तो चाकू बंदीतून वगळला गेला. असिस्टेड चाकू तरले ते या वाक्यामुळे. तिथल्या राज्यांचे नियम पुन्हा वेगळे. ब्रिटनने २०१९ च्या कायद्यात व्याख्या उलट्या दिशेने रुंदावली आणि स्प्रिंगच्या मदतीने उघडणारे चाकू बंदीच्या कक्षेत आणले. तिथे काही कारण न देता बाळगता येतो तो ३ इंचांपर्यंत धारेचा, लॉक नसलेला घडीचा चाकू. जर्मनीत २००८ पासून एका हाताने उघडणारा आणि लॉक होणारा चाकू योग्य कारणाशिवाय सोबत नेता येत नाही. म्हणजे एकाच चाकूची एका देशात सोय, दुसऱ्यात गुन्हा. तुम्ही राहता आणि प्रवास करता तिथले नियम आधी वाचा. नखाने उघडायचा, लॉक नसलेला छोटा चाकू बहुतेक ठिकाणी सगळ्यात कमी त्रास देतो, आणि चारचौघांत खोकं उघडताना त्याच्याकडे कोणी दचकून बघतही नाही.

तुमच्या चौघांपैकी निवड करायची तर आठवडाभर एवढंच लक्षात ठेवा: चाकूची गरज पडली तेव्हा दुसरा हात मोकळा होता का? टेबलाशी बसून पाकिटं आणि फळंच कापत असाल तर नखाच्या खाचेचा चाकू पुरून उरतो. पातं पातळ असतं, कापतं छान आणि वाचलेले पैसे बऱ्यापैकी सहाणेवर घालता येतात. तुम्ही बागकाम लिहिलंय, म्हणून माझा कल खुंटीवाल्याकडे आहे. फ्लिपर आवडलाच असेल तर घ्या, फक्त तो एका हाताने न बघता मिटता येतो का, हे दुकानातच पाहा. डावखुरे असाल तर चाकू डाव्या हातात धरूनच उघडा आणि मिटा. लायनर आणि फ्रेम लॉक बहुतेक उजव्या अंगठ्यासाठी कापलेले असतात.

आणि घरात एखादा जुना, घट्ट उघडणारा चाकू पडून असेल तर नवा घेण्याआधी त्याला कोमट साबणाच्या पाण्यात उघड-मीट करून सांध्यातला काळा मळ काढा, पूर्ण वाळवा, सांध्यावर तेलाचा एकच थेंब सोडा आणि बाहेर आलेलं तेल पुसून घ्या. लाकडी मुठीचा असेल तर पाण्यात बुडवू नका. लाकूड फुगतं आणि पातं अडकतं. ओपिनेल या फ्रेंच कंपनीचे लाकडी मुठीचे चाकू वापरणारे फ्रान्सच्या सावॉय प्रांतातले लोक अशा वेळी लॉकची कडी मोकळी करून मुठीचं बूड टेबलावर ठोकतात, की पातं थोडं वर येतं आणि चिमटीत धरता येतं.